रविवारची फेरी पुन्हा सुरू करा
इंदूरच्या आपल्या क्लासिक स्पोर्ट्स गाड्यांच्या क्लबच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपले परिपत्रक आले. रविवार सकाळची फेरी बंद. महिनाअखेरची गॅरेजमधली बैठक बंद. त्यांच्या जागी दर तीन महिन्यांनी एका मोठ्या हॉटेलच्या हिरवळीवर प्रदर्शन, लोकांना तिकीट आणि प्रत्येक गाडीमागे दोन पास. पूर्ण सदस्यत्व यापुढे फक्त परदेशी बनावटीच्या, दोन आसनी, उघड्या गाड्यांच्या मालकांना. बाकीच्यांनी 'सहयोगी' म्हणून राहावे, पण मत देऊ नये. क्लबच्या मोबाईल ग्रुपवर लोक प्रश्न विचारू लागले तेव्हा दुसऱ्याच दिवसापासून तिथे फक्त पदाधिकाऱ्यांनाच लिहिता येऊ लागले. विचारायला दुसरी जागा उरली नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. शहरात ज्यांच्या दारात ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी उभी आहे त्यांनीही ते वाचावे. ती गाडी घेऊन ते उद्या आपल्याकडेच येतील, आणि त्यांना आत घ्यायचे की नाही हे या निर्णयाने आजच ठरवून टाकले आहे.

मी क्लबमध्ये आले ती वडिलांच्या स्टँडर्ड हेराल्डमुळे, म्हणजे मद्रासला बनलेल्या एका जुन्या मोटारीमुळे. वडील गेल्यावर ती रामबागेतल्या घराच्या अंगणात उभीच राहिली. टायर बसले, ब्रेक धरले, टाकीत गंज चढला. भंगारवाला भाव सांगून गेला होता. आईने क्लबमधल्या एका काकांना फोन केला आणि पुढच्या रविवारी काही मंडळी फेरी सोडून आमच्या अंगणात येऊन बसली. कोणी चाकांचे सिलिंडर उघडले, कोणी टाकी उतरवून धुवायला नेली, उस्तादांनी, म्हणजे आपल्या गाड्या सांभाळणाऱ्या जुन्या मिस्त्रींनी, डिस्ट्रिब्युटरचे (ठिणगी वाटणाऱ्या भागाचे) पॉइंट घासून दिले. पैसे लागले ते सुट्या भागांचे. गाडी चालू झाली आणि विकण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. मग त्याच मंडळींनी मला ती चालवायला शिकवली. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकायचा नाही. वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, नाहीतर हेराल्डची मागची चाके आत दुमडतात आणि गाडी हातातून जाते. हे मला कोणत्याही ड्रायव्हिंग स्कूलने सांगितले नसते. त्यामुळे क्लबचा कारभार हा माझ्यासाठी परक्या संस्थेचा कारभार नाही, आणि या निर्णयावर गप्प बसणे मला जमणार नाही.

रविवारची फेरी कशी असायची हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्यातले बहुतेक जण तिथे असायचेच. पण जे कधी आले नाहीत त्यांच्यासाठी लिहिते. उजाडायच्या आत नेहरू स्टेडियमजवळ जमायचे. थंडीतसुद्धा एमजी टीसीवाले (टीसी म्हणजे जुनी, दोन आसनी, उघडी ब्रिटिश गाडी) हुड, म्हणजे कापडी छत, खाली करूनच येणार, कानटोपी आणि मफलर घालून. ज्याची गाडी सुरू होत नाही त्याने फोन करायचा आणि दोघांनी वळून त्याच्या घरी जायचे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि कधी मोडलाही गेला नाही. मग रमतगमत महूपर्यंत, आणि पावसाळ्याच्या शेवटी डोंगर हिरवे असताना पुढे जाम दरवाजापर्यंत. अहिल्याबाईंच्या काळात, १७९१ मध्ये बांधलेला तो दरवाजा विंध्याच्या अगदी कडेला आहे. माळवा तिथे संपतो आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. चढ चढून आलेल्या गाड्या तिथे थंड व्हायला उभ्या करायच्या आणि बॉनेट उघडायची. हेराल्डचे बॉनेट मडगार्डांसकट सगळेच्या सगळे पुढे उलटते आणि पुढच्या टायरवर बसून इंजिन पाहता येते, म्हणून मुलांची शिकवणी नेहमी माझ्या गाडीवर व्हायची. परतताना पोहे-जलेबी. सियागंजातला हार्डवेअरवाला, निवृत्त प्राध्यापक, धान्याचे व्यापारी, इंजिनिअरिंगची पोरे, सगळे एकाच बाकावर. मराठी, हिंदी, माळवी, ज्याच्या तोंडी जे येईल ते. ही माणसे गाड्यांमुळे भेटली आणि पुढे एकमेकांच्या घरच्या लग्नाला, बारशाला आणि मयताला जाऊ लागली.

आणि दसरा. गॅरेजच्या पटांगणात सगळ्या गाड्या धुवून उभ्या, चाकांना झेंडूच्या माळा, आणि पुढे सतरंजीवर पाने, जॅक, फीलर गेज, तांब्याचा हातोडा. आपले उस्ताद स्वतःचा पान्यांचा डबा स्वतःच्या हाताने पूजेत आणून ठेवायचे आणि मग आम्हा सगळ्यांकडून आपट्याची पाने घ्यायचे. परिपत्रकात दसऱ्याचा उल्लेखच नाही. हॉटेलच्या हिरवळीवर तो कसा होणार, हे मला खरोखर समजत नाही.

आता तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली सदस्यत्वाची. नव्या नियमाने ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी, उघडी ब्रिटिश गाडी पूर्ण सदस्य आणि स्टँडर्ड हेराल्ड सहयोगी. १९६२ मध्ये स्पिटफायर निघाली ती हेराल्डचीच चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आखूड करून. दोन्ही गाड्यांचा आकार एकाच माणसाने, इटलीच्या जिओव्हान्नी मिकेलोत्तीने काढला. पुढचे उलटणारे बॉनेट तेच, मागच्या चाकांची मांडणी तीच. आपल्या क्लबात स्पिटफायर अडली की सुटा भाग शोधायला पहिला फोन हेराल्डवाल्यांनाच येतो. एक कॉव्हेंट्रीत जोडली गेली आणि दुसरी मद्रासला, एवढ्यावरून एकीला मत आणि दुसरीला नाही? मद्रासच्या कारखान्यातून हेराल्ड १९६१ ते १९७१ या काळात निघाल्या. म्हणजे आज सगळ्यात धाकटी हेराल्डसुद्धा पन्नाशी ओलांडून गेली आहे.

सरकारनेही असा भेद केलेला नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाडी म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी. देशी की परदेशी, दोन आसनी की चार आसनी, असे तिथे काही नाही. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा तर तीस वर्षे झालेल्या वाहनाला ऐतिहासिक मानते, ते नीट जपलेले असावे आणि रोजच्या वाहतुकीला वापरात नसावे एवढीच अट. त्या मापाने कुर्ल्याला बनलेली ऐंशीच्या दशकातली पद्मिनीही बसते. आपल्या देशात १९५० च्या दशकापासून परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ थांबली होती. तेव्हा आपल्या शहरात परदेशी स्पोर्ट्स गाड्या मुळातच किती असणार? त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गाड्यांचा क्लब करायचा असेल तर तसे उघड सांगा, पण त्याला इंदूरचा क्लब म्हणू नका.

परिपत्रकाच्या वर महाराज यशवंतराव होळकरांच्या ड्यूसेनबर्ग या अमेरिकन गाडीचे चित्र छापले आहे. १९३५ ची ती एसजे मॉडेलची, सुपरचार्जरवाली, कारखान्याच्या दाव्याप्रमाणे ३२० अश्वशक्तीची, लंडनच्या गर्नी नटिंगने तिच्यावर बॉडी चढवली. इंदूरला तिचा अभिमान असावाच. पण ती गाडी कधीचीच परदेशात गेली, आणि महाराजांच्या माणिकबाग राजवाड्यात आज सरकारी कचेरी आहे. आपल्या हाती जे उरले ते हेराल्ड, फियाट, दोन-चार एमजी आणि त्या चालत्या ठेवणारे हात. चित्र छापायचे त्या ड्यूसेनबर्गचे आणि इथे जे खरोखर उभे आहे त्याला दाराबाहेर ठेवायचे, हे मला पटत नाही.

दुसरी तक्रार मला सगळ्यात गंभीर वाटते. फेरी बंद करताना तुम्ही कायद्याचा विचार केला होता का? आपल्यातल्या अनेकांनी वीस हजार रुपये भरून क्रमांकात व्हीए अक्षरे असलेली व्हिंटेज नोंदणी करून घेतली, किंवा पाच हजार भरून पुनर्नोंदणी केली. ती घ्या म्हणून आग्रह धरणारेही तुम्हीच होता. त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती आणि या ठिकाणी जाणे-येणे, एवढ्यासाठीच परवानगी आहे. म्हणजे या सदस्यांना क्लबने रीतसर जाहीर केलेली, मार्ग ठरलेली फेरी हाच गाडी चालवण्याचा मुख्य आधार होता. तो काढून घेतल्यावर त्यांनी वर्षातून चार वेळा हॉटेलपर्यंत जायचे आणि परत यायचे. उरलेले वर्ष गाडी झाकून ठेवायची.

झाकून ठेवलेली गाडी टिकते असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी एकदा उस्तादांबरोबर बसावे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढते आणि सिलिंडर आतून गंजतो. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. कार्बोरेटरच्या बाउलमध्ये पेट्रोल सुकून राळ बसते. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी धरते, पाण्याचा अंश वाढला की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि पत्रा खाते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतात, मग चिरतात. पेट्रोल सांडून आग लागायची भीती इथूनच सुरू होते. शिवाय इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्यामुळे हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ पडते आणि इंजिन तापते. आपल्या ब्रिटिश गाड्यांवरच्या एसयू कार्बोरेटरचा जेट नट किंचित खाली घेऊन पेट्रोल वाढवले की ते सावरता येते. हे आम्ही कुठे शिकलो? महिनाअखेरच्या बैठकीत, एकाच टेबलावर तीन कार्बोरेटर उघडून ठेवून. कोणती नळी इथेनॉलला टिकते, ती शहरात कुठे मिळते, हे सगळे तिथेच कळले. रविवारी गाडी चालायची, बिघाड दिसायचा, आणि महिनाअखेरीस तो टेबलावर यायचा. तुम्ही दोन्ही बंद केले.

तिसरी, मिस्त्रींची. प्रत्येक गाडीमागे दोन पास म्हणजे उस्तादांना जागा नाही, हे लिहिताना कोणाच्या लक्षात आले नसेल असे मी मानत नाही. टीसीच्या इंजिनाचे आटे मेट्रिक मापाचे आणि नटांची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची आहेत. हातात कोणताही पाना घेऊन बसलेला मुलगा ते नट गोल करून टाकतो. त्याच गाडीची बॅटरी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे तिचे धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले. नव्या गॅरेजात सवयीने उलटी जोडली की वायरिंग धोक्यात. हे ज्यांना पाठ आहे अशी माणसे या शहरात मोजकी आहेत आणि ती म्हातारी होत चालली आहेत. त्यांच्या हाताखाली बसलेली दोन-तीन पोरे रविवारी येत, कारण तिथे त्यांना मान होता, शेजारी बसवून घेतले जात होते. तिकीट काढून हिरवळीवर या म्हटले तर ती येणार नाहीत आणि मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसतील. मग पाच-सात वर्षांनी तुमच्या प्रदर्शनातल्या गाड्या ट्रकवरून उतरवाव्या लागतील.

याच दोन पासांनी घरच्या माणसांनाही बाहेर काढले. वेळ-वेग-अंतराच्या, म्हणजे ठरलेले अंतर ठरलेल्या वेगाने आणि वेळेत कापायच्या रॅलीत नकाशा आणि घड्याळ सांभाळायला आपल्या बायका, बहिणी, मुली बसतात. हिशोब त्यांचाच बरोबर निघतो. आता एक पास गाडी चालवणाऱ्याला, आणि उरलेला एकच घरात कोणाला द्यायचा ते ठरवायचे.

चौथी तक्रार थोडक्यात. क्लबच्या नावाने सदस्यांच्या गाड्या लग्नाच्या वरातीला आणि बिल्डरांच्या जाहिरातींना दिल्या जात आहेत, आणि त्याचा हिशोब सभेपुढे आलेला नाही. व्हीए नोंदणीच्या गाडीला व्यावसायिक वापर मना आहे. उद्या अशी एखादी गाडी पकडली गेली तर नोंदणी मालकाची जाईल, कार्यकारिणीची नाही.

तुमची बाजूही मी ऐकली आहे. ए. बी. रोडवरची गर्दी, विमा, एखादा अपघात झाला तर क्लबची जबाबदारी, आणि वर्षभराचा खर्च भागवायला प्रायोजक हवा. ही काळजी खोटी नाही. पण गर्दीवर उपाय म्हणजे लवकर निघणे आणि बायपास टाळणारा मार्ग आखणे. विम्यासाठी फेरीच्या दिवशी प्रत्येकाची कागदपत्रे तपासा, ज्याची अपुरी असतील त्याला परत पाठवा, मी स्वतः दारात उभी राहून ते काम करीन. प्रदर्शनाला माझा विरोध नाही. वर्षातून एकदा ते थाटाने करा, प्रायोजक आणा, शहराला गाड्या दाखवा. दिल्लीत १९६४ पासून स्टेट्समन या वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची रॅली होत आली, तिथे परीक्षण असते आणि गाड्या रस्त्यावरही धावतात. एक हवे म्हणून दुसरे मारायची गरज कोणालाच पडली नाही.

खर्चाबद्दल एक सांगते. ज्यांनी व्हिंटेज नोंदणी घेतली नाही, त्यांना दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीचे शुल्क दहा हजार रुपये झाले. पेन्शनवर राहणाऱ्या फियाटवाल्याने हे पैसे भरायचे, वर क्लबची वर्गणी भरायची, आणि मत मात्र द्यायचे नाही. तो वर्गणी का भरील? आणि त्याने गाडी विकली तर ती कोण घेणार? भंगारवाला.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. महिन्यातून निदान दोन रविवारी फेरी पुन्हा सुरू करा आणि ती क्लबच्या लेखी सूचनेने, मार्ग आणि वेळ देऊन जाहीर करा, म्हणजे व्हीए नोंदणीच्या गाड्यांना ती दाखवता येईल. तीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला, ती कुठेही बनलेली असो, मतासह पूर्ण सदस्यत्व द्या. गॅरेजची बैठक परत आणा. मिस्त्रींना वर्गणी न घेता सदस्य करून घ्या आणि त्यांच्यापैकी एकाला कार्यकारिणीवर बसवा. गाड्या भाड्याने देणे आजपासून थांबवा आणि आजवर आलेल्या पैशांचा हिशोब सर्वांना पाठवा. पासाची मर्यादा काढा. ग्रुप उघडा. दसऱ्याची पूजा गॅरेजच्या पटांगणातच होईल, हे आत्ताच कळवा, कारण तयारीला वेळ लागतो.

हे परिपत्रक सर्वसाधारण सभेपुढे न ठेवता काढले गेले. सदस्यत्वाचे निकष बदलायचे तर सभा घ्यावी लागते, आणि ती येत्या महिन्याभरात घ्यावी अशी आमची लेखी मागणी या पत्रासोबत सचिवांकडे पोहोचवली आहे. त्यावर हेराल्ड आणि फियाटवाल्यांच्या सह्या आहेत, तशाच तुमच्या नियमाने ज्यांचे काहीच बिघडत नाही अशा एमजी आणि स्पिटफायरच्या मालकांच्याही आहेत. सभा होईपर्यंत परिपत्रकाची अंमलबजावणी थांबवावी आणि तसे दोन ओळींत सर्वांना कळवावे.

आपली,
क्लबची एक सदस्य
रामबाग, इंदूर